पोराला कुणाच्या मागं उभं करणार?



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी संगणकापासून लांब राहायला सांगितलं होतं. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या एका चुकीपर्यंत जावं लागलं. ते सगळं सांगतो, पण जरा लांबून सुरुवात करतो.

माझी लेक अमेरिकेत कॅन्सस सिटीला असते. नातू चौदा वर्षांचा आहे. व्हिडिओ कॉलवर तो आणि मी बोलतो ते बहुतेक खेळावरच. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळतात, एकमेकांना आडवं पाडतात. मला आधी तो खेळ म्हणजे पोळ्याच्या दिवशी बिथरलेले बैल वाटायचे. नातवाने चिकाटीने समजावला. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढे सेकंद त्याला मिळावेत म्हणून पुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. भिंत फुटली की हा आडवा.

नातू म्हणाला, "आबा, आमचा पॅट्रिक महोम्स पहिल्या वर्षी खेळलाच नाही." मी विचारलं, का रे, दुखापत? तर तसं काही नव्हतं. २०१७ साली संघाने त्याला घेतलं आणि अनुभवी अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे वर्षभर बसवून ठेवलं. हंगामाच्या शेवटी एक सामना दिला, तेवढाच. दुसऱ्या वर्षी संघ त्याच्या हातात दिला आणि त्याच वर्षी तो सगळ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने अजिंक्यपद आणलं. ग्रीन बे नावाच्या संघाने तर अ‍ॅरन रॉजर्सला २००५ साली घेऊन तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे ठेवलं. तोही पुढे मोठा झाला.

मग नातवाने उलटी गोष्टही सांगितली. २००२ साली ह्यूस्टनचा संघ नव्याने उभा राहिला. त्यांनी त्या वर्षीच्या नव्या पोरांतून सगळ्यात पहिला निवडला तो डेव्हिड कार, आणि पहिल्याच सामन्यापासून त्याला उभा केला. पुढची भिंत कच्ची. त्या एका हंगामात तो ७६ वेळा आडवा झाला. इतका मार एका हंगामात दुसऱ्या कुणी खाल्लेला नाही. पुढे त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पुऱ्या झाल्या नाहीत, आणि लोक म्हणाले, पोरात दम नव्हता.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी गप्प झालो. कारण हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

आता रविवारची गोष्ट. आलेला माणूस पंचेचाळिशी उलटलेला. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून टेम्पो चालवतो. त्याचा मुलगा अकरावीत आहे, कबड्डी खेळतो, चढाईला चपळ आहे. एका अकादमीने बापाला सांगितलंय की वर्षाचे दीड लाख भरा, आल्या दिवसापासून मुख्य चढाईपटू म्हणून खेळवू, दोन वर्षांत प्रो कबड्डीत दिसेल. त्यासाठी अंबडकडची दीड एकर काढायची का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"सर, पोरगं लई तयारीचं हाये. पण तुम्ही सांगा."

माझ्याकडेच का आला? कारण १९९४ साली तो माझ्या कबड्डीच्या संघात होता.

गावाच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि खेळाचे मास्तर नसल्यामुळे संघही माझ्याच गळ्यात होता. हा तेव्हा नववीत. असा चपळ पोरगा मी आधी पाहिला नव्हता. बोनस रेषा ओलांडून बोनस घेऊन परत यायचा तोपर्यंत समोरच्या कोपऱ्याचा हातही उठलेला नसायचा. मी काय केलं? सगळं त्याच्यावर टाकलं. बाकीच्या सहा जणांना सांगितलं, तुम्ही फक्त उभे राहा, चढाई तोच करील. तालुका जिंकलो. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. मग समोरच्या मास्तरांच्या लक्षात आलं की एका पोराला धरलं की सामना धरला. तिघांनी मिळून त्याला घेरलं, पकडलं, आणि तो बाहेर बसला. आता चढाई कोण करणार? ज्यांना मी वर्षभर एकही अवघड चढाई दिली नव्हती, ती पोरं मध्यरेषेवर जाऊन थरथरत परत यायची. लोण पडला. तो आत आला, पुन्हा धरला गेला. हरलो.

परतीच्या जीपमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "आज तू आपल्याला बुडवलंस." दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. शिक्षकांच्या खोलीत मी सांगितलं, पोरात दमच नव्हता.

त्या सामन्याचं गुणपत्रक माझ्या जुन्या वहीत आहे. आमच्या ३४ चढायांपैकी २३ त्या एका पोराच्या. चौदा वर्षांच्या पोराच्या! आता बोला, दम कुणात नव्हता?

आपल्याकडे एक लाडकं मत आहे. गुण असले की पोरगं आपोआप वर येतं, पोहायला शिकवायचं तर विहिरीत ढकलून द्यायचं. मला आता या मताची चीड येते. विहिरीत ढकलणारा बाप काठावर उभा असतो आणि पोराच्या पाठीला भोपळा किंवा डबा बांधलेला असतो, हे सांगायला सगळे विसरतात. आमच्या संघात डबा नव्हता आणि काठावरचा मास्तर बुडणाऱ्यावरच ओरडत होता.

कबड्डीचा चढाईपटू एकटा दिसतो, एकटा नसतो. तीस सेकंद तो समोरच्या सात जणांत जातो, दम घुमवतो, टाळ्या त्याला पडतात. पण तो बाद झाला की त्याला परत आत कोण आणतं? मागे राहिलेल्या गड्यांची पकड, किंवा दुसऱ्या चढाईपटूचा गुण. पकड कच्ची असेल तर जगातला सर्वोत्तम चढाईपटू बाकावर बसून सामना बघतो. बोनससुद्धा समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच मिळतो. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो-या-मरोची. ती नव्या पोराला द्यायची की मुरलेल्या गड्याला, हे प्रशिक्षक ठरवतो. समोर तीन किंवा कमी गडी उरले की चढाईपटूला वाटतं सोपं झालं, पण तिथे पकडला गेला तर समोरच्यांना दोन गुण. अशा वेळी रिकामं परत येण्यातही शहाणपण असतं. पण रिकामं परत आलेल्या पोराला काठावरून शिव्या पडणार असतील, तर तो शहाणपणा करील का? तो उडी मारील आणि अडकेल. एकट्याने सगळं करायची सवय लागलेल्या पोराचा खेळ वाढत नाही, फक्त त्याचा थकवा वाढतो.

म्हणजे त्या अमेरिकेतल्या गड्याची आणि आमच्या चढाईपटूची गोष्ट एकच. पुढची भिंत किंवा मागची पकड पक्की नसेल तर त्याचा वेळ आणि त्याचं धाडस दोन्ही संपतं.

हे काही हवेतलं तत्त्वज्ञान नाही. आपल्या पुणेरी पलटणचं बघा. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि पुण्याला पहिलं अजिंक्यपद मिळालं ते दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून. कर्णधार होता अस्लम इनामदार, अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याला रातोरात कुणी कर्णधार केलं नाही. आठव्या हंगामात, २०२१-२२ साली, तो संघात आला तेव्हा राहुल चौधरी आणि नितीन तोमर यांच्यासारखे नावाजलेले चढाईपटू संघात होते आणि प्रशिक्षक होते अनुप कुमार, ज्यांनी स्वतः भारताचं कर्णधारपद केलेलं. शिवाय अस्लमच्या जोडीला त्याच्याच वयाचा मोहित गोयत होता. भार दोन खांद्यांवर वाटला गेला. पुढच्या हंगामात कर्णधार होता इराणचा फजल अत्राचली, बचावातला मुरलेला माणूस. त्या वर्षी पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. तिसऱ्या वर्षी कर्णधारपद अस्लमकडे आलं, आणि तेव्हाही संघाने पैसा ओतला तो दुसऱ्या चढाईपटूवर नाही, तर मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूवर. दोन कोटी पस्तीस लाख!

आणि गंमत बघा. त्या हंगामात सगळ्यात जास्त चढाई-गुण मिळवणाऱ्यांत पहिलं नाव दिल्लीच्या आशू मलिकचं होतं. पुण्याच्या एकाही गड्याचं नव्हतं. तरी अजिंक्यपद पुण्याचं आणि हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू अस्लम. अंतिम सामन्यात तर चढाईचे सर्वाधिक नऊ गुण पंकज मोहितेने मिळवले, अस्लमने नाही. कर्णधार थोडक्यात आवरला गेला तरी संघ बुडाला नाही. १९९४ ला आमच्याकडे एक पंकज मोहिते असता तर? असेलही कदाचित त्या सहा पोरांत. मी त्याला कधी चढाईला पाठवलंच नाही, मग कळणार कसं?

कुणी म्हणेल, अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला तर पलटण पहिल्या सहांतही आली नाही, म्हणजे शेवटी एकाच माणसावर असतं. मला ते उलटं वाटतं. २०२५ च्या बाराव्या हंगामात तोच गडी परत आला, त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला. दिल्लीकडून हरला, पण गेला. दुखापत झालेल्या पोराला टाकून न देता त्याची जागा राखून ठेवली, म्हणून हे झालं. आपल्या गावाकडे गुडघा गेला की पोरगं कायमचं गेलं.

आता नेहमीचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. "मग सचिन तेंडुलकर? तो सोळाव्या वर्षी पाकिस्तानात गेला ना?" गेला. पण कसा गेला ते बघा. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला त्याला सहाव्या क्रमांकावर पाठवलं होतं. संघात कपिल देव होता, मुरलेली माणसं अवतीभवती होती. त्याआधी कित्येक वर्षं आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर त्याला घासलं होतं. एकदिवसीय सामन्यात त्याला सलामीला यायला १९९४ उजाडलं. आणि पहिलं एकदिवसीय शतक कितव्या सामन्यात? ७९व्या! अठ्ठ्याहत्तर सामने शतक नसताना त्याला कुणी "दम नाही" म्हणून घरी पाठवलं नाही. सचिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, मंडळी.

आमच्या जालन्याचं उदाहरण घ्यायचं तर विजय झोल. २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा. २०१३ मध्ये प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच त्रिपुराविरुद्ध नाबाद द्विशतक. २०१४ मध्ये १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार. मराठवाड्याच्या पोराने एवढं करावं याचा मला आजही अभिमान आहे. पण चौकाचौकांत लोकांनी तेव्हाच त्याला भारताच्या मोठ्या संघात बसवून टाकलं होतं. तसं झालं नाही तर तेच लोक असं बोलायला लागले, जणू पोराने त्यांच्याकडून उसने पैसे घेतले होते. अरे, ४५१ काढले त्याने, तुम्ही काय काढलंत? सतराव्या वर्षी फ्लेक्स लावायचा आणि पंचविसाव्या वर्षी ओळख द्यायची नाही, ही आपली क्रीडासंस्कृती.

आणि हे सगळं आपल्याला शिकायला अमेरिकेला किंवा पुण्याला जायची गरजच नाही. आपल्या तालमीत हे शहाणपण कधीपासून आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरी झाली, बाला रफिक शेखने गदा घेतली, तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. जुने वस्ताद शेजारी बसलेले असायचे. त्यांच्या तोंडी एकच शब्द, जोड. जोड पाहून कुस्ती लावायची. कोवळ्या पोराला जत्रेत पहिल्याच वर्षी शेवटच्या कुस्तीला कुणी वस्ताद उतरवत नाही. रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात, मग दहा रुपयांची, मग शंभराची. पडला तर वस्ताद आधी स्वतःला विचारतो, माझी जोड चुकली का? आमच्यासारखे शिकलेले मास्तर मात्र आधी पोराला विचारतात.

वर्गातही मी हेच केलं असेल, अशी शंका आता येते. हुशार पोराला स्नेहसंमेलनात भाषण त्याने, निबंध त्याने, गाणं त्याने. बाकीचे चाळीस टाळ्या वाजवायला. मग तो हुशार दहावीला अडखळला की साऱ्या गावाला धक्का! असो.

तर त्या बापाला मी काय सांगितलं? आधी माफी मागितली. म्हणालो, बाबा, १९९४ ला तू बुडवलं नव्हतंस, मी बुडवलं होतं. तीस वर्षांहून जास्त काळ उशीर झाला, पण सांगतो. तो खाली बघत बसला. मग म्हणाला, "सर, समोरून सात जण अंगावर यायचे त्याचं काय नव्हतं. मागं वळून बघितलं की कुणी दिसत नव्हतं, त्याचं भ्या वाटायचं."

मग आम्ही दोघांनी मिळून अकादमीला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून काढले. ज्यांची पोरं अशी कुठे चालली असतील त्यांनीही जरूर विचारावेत.

पहिला, माझ्या पोराला कुणाच्या मागं उभं करणार? त्याच्या पुढे दोन-तीन वर्षांनी मोठा, मुरलेला चढाईपटू कोण आहे, त्याला भेटवा. दुसरा, संघात चढाई करणारे किती? एकच असेल तर नमस्कार करून उठा. तिसरा, पकडीचा सराव दिवसात किती वेळ होतो आणि त्यात चढाईपटूलाही उतरवता का? चौथा, गुडघा किंवा खांदा गेला तर त्या मुलाला ठेवता की घरी पाठवता? मागच्या वर्षी ज्याला दुखापत झाली त्याच्या बापाचा नंबर द्या. पाचवा, बारावीचं काय? प्रो कबड्डीत नव्या तरुण खेळाडूंसाठी वेगळा वर्ग आहे हे खरं, पण त्यातली जागा मूठभरांची, आणि वाट बघणारी पोरं प्रत्येक तालुक्यात. उरलेल्यांना पुढे जगायचं आहे.

"आल्या दिवसापासून मुख्य चढाईपटू" असं जो सांगतो, त्याच्यापासून लांब राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या. तो तुमच्या पोराची स्तुती करत नाहीये, त्याच्याकडे भिंत नाही एवढंच कबूल करतोय.

जमीन विकू नको, असं मी सांगितलं नाही. तो अधिकार माझा नाही, आणि ज्याने ज्याचं पोरगं एकदा बुडवलंय त्याने तर बेतानेच बोलावं. एवढंच म्हणालो की सौदा करायच्या आधी हे पाच प्रश्न विचार आणि उत्तरं तोंडी घेऊ नको, लिहून घे.

येत्या रविवारी बाप-लेक अकादमी बघायला जाणार आहेत. त्याने मलाही गाडीत बसायला सांगितलंय. परवा सराव बघायला मैदानावर गेलो होतो. पोरगा खरंच चपळ आहे, अगदी बापासारखा. चढाई संपवून परत येताना एकदा मागे वळून बघतो. ती सवय कुठून आली असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी काय झालं ते परत आल्यावर कळवीनच.